आतली कडी

दादाचा फोन आला तेव्हा धाकटीचा उजवा हात खांद्यापर्यंत गायीच्या पोटात होता. वासरू आडवं आलं होतं आणि त्याचा मागचा पाय काही केल्या बोटांना सापडत नव्हता. गोठ्याच्या मालकिणीने धाकटीच्या खिशातला वाजणारा फोन काढला, "दादा म्हणून कुणी आहेत," असं सांगितलं आणि तो सरळ तिच्या कानाला लावून उभी राहिली.

"रविवारचं रद्द," दादा म्हणाला. "आईला दगदग झेपत नाही. वाढदिवस पुढच्या वर्षी करू."

"पुढच्या वर्षी एक्क्याऐंशी होतील, दादा. ऐंशी यंदाच होतायत. दे तिच्याकडे फोन."

"झोपलीय."

"भर सकाळी?"

"औषधं चालू आहेत ना. आणि तू एवढी धापा का टाकतेयस?"

"वासरू ओढतेय!"

"सावकाश ओढ. खाली ओलं असेल, पाय घसरेल," असं म्हणून दादाने फोन ठेवला.

"माझ्या गायीलाही सांगून बघा एकदा, रविवारचं रद्द म्हणून," मालकीण म्हणाली. तेवढ्यात पाय सापडला, गायीने जोर लावला, आणि लांब टांगांचं एक ओलंचिंब प्रकरण दोघींच्या अंगावर येऊन कोसळलं. मालकीण वासराखाली, धाकटी मालकिणीखाली. दोघी तशाच पडल्यापडल्या हसत सुटल्या.

पण हात धुताना धाकटीचं हसू ओसरलं. आई आणि सकाळी झोपलेली! जिने उभा जन्म टपाल वाटलं, उजाडायच्या आत पायात बूट घातले आणि गल्लीतल्या कुत्र्यांना सुद्धा ज्यांचे त्यांचे पत्ते माहीत करून दिले, ती बाई?

उन्हाळ्यात आई स्वतःच्या दोन खोल्यांत एकटी असताना पडली. खुब्याला मार लागला, हाड मात्र वाचलं. दादाने त्याच दिवशी तिला उचलून आपल्या घरी नेलं. तेव्हा सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला होता. मग तिचा फोन दादाच उचलायला लागला आणि हळूहळू फोनवर आई मिळेनाशी झाली. कधी झोपलेली असायची, कधी अंघोळीला गेलेली, कधी नुकतीच जेवलेली. मागच्या महिन्यात धाकटी न सांगता जाऊन धडकली, तर आई खिडकीपाशी खुर्चीत, मांडीवर शाल, आणि दादा सगळा वेळ दोघींच्या मधे बसलेला, एखाद्या पहारेकऱ्यासारखा. आईच्या मनगटावर निळे डाग होते. विचारलं तर म्हणाली, "टेबलाला लागलं गं."

धाकटी जनावरांची डॉक्टर. तिच्याकडे येणारं कुठलंच जनावर स्वतःच्या तोंडाने काही सांगत नसे. सांगायचे ते मालक, आणि टेबलाला लागलं, जिन्यावरून पडलं, हे ती आठवड्यातून एकदा तरी ऐकायची. टेबलाला लागलेलं एका बाजूला दिसतं. आईच्या मनगटावरचे डाग गोल फिरले होते.

संध्याकाळी तिने ताईला गाठलं. ताई एका नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळायची. राजे, शिपाई, विधवा, सगळ्यांची मापं तिला तोंडपाठ होती, आणि घरातल्या माणसांनाही तिने कधीच आपापल्या भूमिका वाटून दिल्या होत्या.

"वहिनी!" ताई तोंडातली टाचणी काढत म्हणाली. "दुसरं कुणी असूच शकत नाही. इतकं गोड बोलणारं माणूस आतून कसं असतं ते मला विचार."

"तुला काय माहीत?"

"मला माहीत नाही, मला दिसतं. दादा मुंगीला वाट देणारा माणूस. तो आईला बोट लावेल? वहिनीच चिमटे काढत असणार."

"आणि दादाला कळत नाही?"

ताईने हातातला झगा खाली ठेवला. हा विचार तिला आवडला नव्हता. "रविवारी जायचंच," ती शेवटी म्हणाली. "मी केक आणते. केक घेऊन आलेल्या माणसाला दारातून कसं परत पाठवतात ते बघू तरी."

शनिवारी दवाखान्यात गर्दी होती. एक ससा, दोन कुत्री, आणि पंख दुखावलेला एक पोपट, जो आल्यागेल्याला शिव्या देत होता. त्या सगळ्यांच्या मागे, मांडीवर मांजराची पेटी घेऊन, वहिनी बसली होती. ती काम करायची त्या चष्म्याच्या दुकानातून परस्पर आली असावी. गळ्यात अजून मोजपट्टी लटकत होती.

"खोकतंय," वहिनी टेबलावर पेटी ठेवत म्हणाली.

धाकटीने मांजराला तपासलं. छाती स्वच्छ, नाक ओलं, डोळे लखलखीत. मांजराने जांभई देऊन आपलं सगळं निरोगी तोंड दाखवलं.

"वहिनी, याला काहीही झालेलं नाही."

"माहितीय." वहिनीने दाराकडे बघितलं. "तुमच्याकडे यायला घरात काहीतरी कारण सांगावं लागतं. हे बिचारं कारण म्हणून आलंय."

बाहेर पोपट कुणाला तरी गाढव म्हणाला. वहिनीला हसू फुटलं आणि त्या हसण्यातूनच तिचे डोळे भरून आले. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"वन्सं, उद्या या. नक्की या. ह्यांनी नको म्हटलं तरी या."

"आईला कोण मारतंय, वहिनी?"

"मारत कुणी नाही हो."

"मग काय आहे?"

"मी इथे बसून सांगितलं, तर ते नवऱ्याची चहाडी केल्यासारखं होईल. आणि ऐकून तुम्हाला खरंही वाटणार नाही. ते वाईट नाहीत, हे तुम्हालाही माहितीय, तेच तर अवघड झालंय. मी सोडते, ते पुन्हा लावतात. मी कामावर गेले की..." ती थांबली. "तुम्ही डोळ्यांनी बघा. दार मी उघडते. मग पुढे काय बोलायचं ते तुम्ही ठरवा. मी तुमच्या बाजूने उभी राहीन."

वन्सं हा शब्द वहिनीने लग्नानंतर पहिल्या वर्षभरात वापरला होता, मग ती सरळ नावाने हाक मारायला लागली होती. आज तो पुन्हा आला, म्हणजे काम मोठं होतं. धाकटीने तिचा हात धरला. मांजर दोघींच्या मधे ऐटीत बसून राहिलं.

रविवारी दुपारी दोघी बहिणी दादाच्या इमारतीत शिरल्या तर लिफ्टच्या दाराला 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी. ताई केक सांभाळत मोठ्याने हसली. दादा लिफ्ट तपासायच्या खात्यात होता. सगळ्या शहराच्या लिफ्ट पास-नापास करणाऱ्या माणसाच्या घरी जिने चढत जायचं!

"त्यानेच बंद करवली असणार," ताई तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत म्हणाली. "दोरी जरा कुरकुरली असेल."

वहिनीने बेल वाजायच्या आधीच दार उघडलं. ताईने तिला नखशिखांत न्याहाळलं, पण वहिनीची नजर तिच्यावर नव्हतीच. तिने धाकटीला नुसती मान हलवून आतली खोली दाखवली.

"अगं, रद्द म्हटलं होतं ना!" दादा बनियनवरच बाहेर आला. त्याचे डोळे आत गेले होते, दाढी वाढली होती. आपल्या भावाला नीट पाहून किती दिवस झाले, हे धाकटीच्या तेव्हा लक्षात आलं.

"आम्हाला कुठे ऐकू येतं?" ताई म्हणाली आणि केकसकट त्याला वळसा घालून आत गेली. "आई! ऊठ, बघ कोण आलंय!"

आई खिडकीपाशी होती. केस नीट विंचरलेले, अंगावर स्वच्छ कपडे, मांडीवर तीच शाल. लेकींना बघून तिचा चेहरा उजळला.

"आलात? मला वाटलं, माझा पत्ता हरवला तुमच्याकडून."

"चल, टेबलापाशी. मेणबत्ती लावते," ताई म्हणाली.

"इथेच आण ना."

"छे! राणीसारखी चालत ये."

"राणीचे पाय दुखतायत," आई हसली. पण हसताना तिने दादाकडे पाहिलं, आणि दादाने जमिनीकडे.

धाकटी आईपुढे गुडघ्यांवर बसली. घाबरलेल्या जनावरापाशी बसावं तशी, हळू, हात दिसतील असे ठेवून. "शाल सरकलीय तुझी," म्हणत तिने ती उचलली.

शालीखाली एक रुंद नारिंगी पट्टा होता. लिफ्टच्या पोकळीत उतरताना माणसं कमरेला बांधतात तो. तो आईच्या पोटावरून खुर्चीच्या पाठीमागे गेला होता, आणि त्याची लोखंडी कडी मागे होती, आईने हात कितीही वळवला तरी पोचणार नाही अशा जागी. मनगटं कशाने निळी झाली ते आता विचारायची गरज नव्हती. सुटायला म्हणून त्या पट्ट्याखाली हात घालून घालून आई दमली होती.

धाकटी उठली, खुर्चीमागे गेली आणि कडी सोडली. एवढासा खट्ट आवाज झाला. पट्टा आईच्या मांडीवरून घसरून खाली पडला.

"हे..." ताईच्या हातातला केक कलला. वहिनीने पुढे होऊन तो धरला. "हे काय आहे? वहिनी, हे काय आहे?"

"तिला विचारू नकोस," दादा म्हणाला. "मी लावतो. तिला पडू द्यायचं नाही म्हणून."

"बांधून? तू आईला बांधून ठेवतोस?"

"सुरक्षेसाठी! ती ऐकत नाही, ताई. मी कामावर गेलो की उठते. स्वयंपाकघरात जाते, खिडकी उघडते, स्टुलावर चढते. स्टुलावर! तुम्हाला काय, महिन्यातून एकदा फोन करायचा."

"फोनवर तू देत होतास का तिला?"

"दिला असता तर तिने सांगितलं असतं!" दादा ओरडला आणि मग स्वतःच्याच वाक्यापाशी थबकला. आपण काय बोलून गेलो ते त्याला आत्ता ऐकू आलं.

ताईचा पारा चढला होता. "मी पोलिसांना बोलावते. सख्खा भाऊ असलास म्हणून काय झालं!"

"बोलवा," वहिनी म्हणाली. ती जागची हलली नाही. "मीही खरं तेच सांगेन. अहो, मी तुम्हाला कितीदा म्हटलं. पाया पडायची तेवढी बाकी राहिले."

आयुष्यभर वहिनीला खलनायिकेचा झगा चढवून बसलेली ताई तिच्याकडे बघतच राहिली. मग तिने दोन पावलं टाकली आणि वहिनीच्या शेजारी जाऊन उभी राहिली, खांद्याला खांदा लावून. दादाच्या बाजूला कुणी उरलं नाही.

तो भिंतीला टेकला. "त्या दिवशी मी लिफ्टच्या टपावर होतो," तो कुणाकडेच न बघता म्हणाला. "फोन खाली पिशवीत. तिने पडल्यापडल्या मला लावला होता. परत परत लावला होता. मी काम संपवलं, चहा प्यालो, साहेबाशी गप्पा मारल्या आणि मग बघितला. तोवर ती तशीच फरशीवर. गार पडलेली. तुम्ही नव्हतात तिथे. मी दार उघडलं ना... मला वाटलं, गेली."

हे त्याने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. वहिनीलाही नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसलं.

"म्हणून बांधायचं?" धाकटीने विचारलं. तिचा आवाज वर गेला नाही, पण दादा त्या आवाजाने दचकला. "दादा, मी बांधलेली जनावरं रोज बघते. दोरीच्या जागेवरची कातडी कशी होते ते मला ठाऊक आहे. ती हळूहळू उठायचंच सोडून देतात. दोरी काढली तरी उठत नाहीत. तुला ते हवं होतं?"

"नाही."

"मग?"

"मला झोप येत नाही गं," दादा म्हणाला. एवढंच.

"झालं का तुमचं?" आई म्हणाली.

सगळे वळले. इतका वेळ तिच्याविषयी चाललं होतं आणि तिला कुणी काही विचारलंच नव्हतं, हे एकदम चौघांच्याही लक्षात आलं.

"आई, तू सांगितलं का नाहीस?" ताई रडवेली झाली.

"बांधताना तो रडायचा. रोज. आता रडणाऱ्या पोराला काय बोलू? पहिल्यांदा वाटलं, चार दिवसांत डोकं ठिकाणावर येईल. मग वाटलं, सांगितलं तर तुम्ही एकमेकांची तोंडं बघणार नाही." आईने निळी मनगटं चोळली. मग तिने दादाकडे बोट केलं. "पण तू ऐक. उभा जन्म मी लोकांची बांधलेली पार्सलं पोचवली. ती कुरकुर करत नाहीत, कारण ती पार्सलं असतात. मी कुरकुर करत होते, तुला ऐकू येत होतं, आणि तरी तू बांधलंस. हे चुकलं तुझं. लहान नाही, मोठं चुकलं."

"हो," दादा म्हणाला.

"हो काय हो!"

"चुकलं, आई."

"आई, तुला आत्ता काय हवंय?" धाकटीने विचारलं. "तू सांगशील ते करू."

आईने विचार केला. बराच वेळ केला. तिघा मुलांना वाटलं, आता ती काहीतरी जन्माचं मागणार.

"मला संडासला जायचंय," ती म्हणाली. "एकटीला. आणि कडी आतून लावून."

ताईच्या तोंडून विचित्र आवाज निघाला, अर्धा हुंदका, अर्धं हसू. दादा मात्र पांढरा पडला. "आतून? आई, आतून लावली तर आम्ही कसे..."

"दादा," धाकटी म्हणाली.

आई खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठली. पाय थरथरले. चौघांचे आठ हात पुढे आले आणि तिने ते सगळे डोळ्यांनीच मागे सारले. भिंतीला तळवा लावत, मधे दम खात, ती बोळातून गेली. दार लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला, दणक्यात, जणू ती सगळ्यांना ऐकवायची होती.

मग चौघंजण बोळात उभे राहिले. दादाने दाराला कान लावला. ताईने त्याचा दंड धरून मागे ओढलं. तो पुन्हा पुढे झाला.

"आई?"

"जिवंत आहे!" आतून आवाज आला.

"पाण्याची बादली उचलू नकोस!"

"उचलली!"

दादाने डोळे मिटले. वहिनी तोंडावर हात दाबून हसत होती, आणि तिला बघून ताईलाही आवरेना. आतून गुणगुणणं ऐकू यायला लागलं. आई गात होती, बेसूर आणि निवांत, जिला कसलीही घाई नाही अशा माणसासारखी. धाकटी भिंतीला टेकून खाली बसली आणि मनसोक्त हसली. हसता हसता शेवटी दादाच्याही ओठांचे कोपरे हलले. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते त्याने पुसलं नाही.

आई बाहेर आली ती विजयी मुद्रेने. "आता केक," ती म्हणाली.

केक टेबलापाशी बसूनच खाल्ला गेला. आईने दोन तुकडे खाल्ले आणि तिसऱ्याचं क्रीम बोटाने चाटलं. ताईने वहिनीला स्वतःच्या हाताने भरवलं आणि म्हणाली, "मी तुझ्याविषयी काय काय बोललेय ते तुला कुणी सांगितलं तर खरं मान. पण आजपासून ते रद्द." वहिनी म्हणाली, "मला सगळं माहितीय. तुमचा आवाज रंगमंचावरचा आहे, ताई."

बशा विसळून झाल्यावर धाकटीने विषय काढला. "आई माझ्याकडे राहायला येईल. आजच. दवाखान्यामागची खोली तळमजल्याला आहे. उद्या डॉक्टरांना दाखवू, मनगटं आणि खुबा, दोन्ही. दादा, तूही डॉक्टरांकडे जायचंस. झोपेसाठी, आणि त्या दिवसाबद्दल बोलण्यासाठी. वहिनी सोबत येईल. आणि आईला भेटायला कधीही ये, पण आमच्यापैकी कुणीतरी घरात असताना. निदान काही दिवस."

दादाने मान हलवली. ती शेवटची अट त्याला लागली, हे दिसलं. पण त्याने वाद घातला नाही.

"मला सांगतेयस का विचारतेयस?" आई म्हणाली.

धाकटी ओशाळली. "विचारतेय."

"मग येते. तुझ्याकडे तो शिव्या देणारा पोपट आहे म्हणे."

"पण जिने!" दादा उठून उभा राहिला. "लिफ्ट बंद आहे. मी चार माणसं बोलावतो, खुर्चीत बसवून..."

"पुन्हा खुर्ची?" आई म्हणाली, आणि त्याने तोंड मिटलं. "या शहरातले जिने मी टपालाची झोळी घेऊन चढलेय. आज तर रिकामी आहे."

उतरणं सुरू झालं. आईचा एक हात कठड्यावर, दुसरा मोकळा. मागे ताई, बाजूला धाकटी, वर कपड्यांची पिशवी घेऊन वहिनी. दादा पुढे होता, पाठमोरा नाही, आईकडे तोंड करून, उलटा एकेक पायरी उतरत, दोन्ही हात पसरून.

"तूच पडशील," आई म्हणाली.

"पडू दे."

प्रत्येक मजल्यावर दारं किलकिली झाली. "काय मावशी, निघालात?" एकीने विचारलं. "वाढदिवसाची फेरी!" आईने उत्तर दिलं. खालच्या मजल्यावरचे सनई शिकणारे गृहस्थ वाद्य हातात घेऊनच बाहेर आले, आणि कुणी न सांगता त्यांनी एक धून सुरू केली. ती इतकी वाईट होती की आई थांबून हसायला लागली, आणि हसता हसता तिचा पाय पायरीच्या काठावरून निसटला.

दादाचे हात झेपावले आणि आईच्या कोपरापाशी, केसभर अंतरावर, थांबले. त्याने धरलं नाही. त्याचं सगळं अंग धरायला ओढ घेत होतं, पण त्याने बोटं तशीच उघडी ठेवली. आईचा कठड्यावरचा हात आवळला. ती डगमगली, तिने पाय पुन्हा शोधला, टेकवला, आणि सरळ झाली.

"बघितलंस?" ती म्हणाली.

"बघितलं," दादा म्हणाला आणि मटकन पायरीवर बसला. पाय गेले होते ते त्याचेच. आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आधारासाठी की मायेसाठी ते धाकटीला कळलं नाही, आणि म्हणाली, "ऊठ. रस्ता अडवू नकोस."

त्यानंतरच्या आठवड्यांत दवाखान्याची शिस्तच बदलली. आईने प्रतीक्षेच्या बाकाचा ताबा घेतला. कोण आधी आलं, कुणाचं खरंच तातडीचं आहे आणि कोण नुसतं घाई करतंय, हे ती बसल्याजागी ठरवायची. पोपटाचा पंख कधीच बरा झाला होता, पण मालक त्याला अधूनमधून आईकडे गप्पा मारायला आणत असे. खुबा बरा होत होता, मनगटांवरचे डाग आधी पिवळे पडले, मग गेले. दादा वहिनीबरोबर यायचा. सुरुवातीला खुर्चीच्या टोकावर बसायचा, पाहुण्यासारखा. डॉक्टरांनी त्याला दिलेल्या गोळ्यांनी झोप लागत होती, आणि त्याहून जास्त, तो म्हणाला, तिथे बोलल्याने. आई त्याला माफ केलं असं कधी म्हणाली नाही. ती त्याला कुत्र्यांना धरून ठेवायच्या कामाला लावायची.

मग एके दिवशी ती पडली.

मागच्या अंगणात, पाण्याच्या नळीत पाय अडकून. धाकटी आवाज ऐकून धावत सुटली. आई ओल्या मातीत बसलेली, कोपर सोलवटलेलं, आणि दवाखान्यातलं एक तिपायी कुत्रं तिचा कान चाटत होतं. काही मोडलं नव्हतं. दोघींनी मिळून, घाई न करता, आधी गुडघा, मग बादली, मग भिंत, असं करत तिला उभं केलं. जखम धुतली. गुरांना लावतात तेच जांभळं औषध लावलं, कारण ते हाताशी होतं.

"दादाला कळवायला नको," धाकटी म्हणाली. "पुन्हा घाबरेल."

"म्हणूनच कळवायचं. आण फोन."

दादाने पहिल्या घंटीलाच उचलला. तो कुठेतरी उंचावर असावा, मागे वारा घोंघावत होता. धाकटी फोनला कान लावून ऐकत राहिली.

"मी पडले," आई म्हणाली. "आणि उठले. आता बसून चहा पितेय."

पलीकडे वाऱ्यात काहीतरी खणकन खाली ठेवल्याचा आवाज आला.

"लागलं का?" दादाने विचारलं.

"लागलं. कोपर जांभळं केलंय तुझ्या बहिणीने, म्हशीसारखं."

"दुखतंय?"

"दुखतंय ना. चांगलंच दुखतंय." आईने बशीत चहा ओतला. "तुझं काम चाललंय ना? मग ते संपव. नीट संपव, घाई करू नकोस. आणि संध्याकाळी या दोघं, येताना दूध आणा. इथलं सगळं मांजरं पितात."

"आणतो," दादा म्हणाला. आणि मग धाकटीला तो हसल्याचं ऐकू आलं. आधी अडखळत, मग मोकळं, तिथल्या सगळ्या वाऱ्यासकट.